कोमट

मुस्तकीम मिस्त्रीनं छावणीतून निघतानाच बजावलं होतं,
आधी हात लावायचा, दीदी, मग बोलायचं.
थंड इंजिन खोटं बोलत नाही.
आपण पोचायच्या आत कुणी ते तापवून ठेवलं असेल
तर समजा, पोटात काहीतरी दडवलंय.

सिमरोळच्या अलीकडे, सोयाबीन कापून मोकळ्या झालेल्या शेताला लागून
पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती.
साठ सीसी, टू-स्ट्रोक, जेमतेम माझ्या कमरेएवढी.
ना नंबरप्लेट ना कागद, ना दिवा ना हॉर्न,
रस्त्यानं जिला कधी ओळखच दिली नाही अशी गाडी.
पुढे सतराचा आकडा, त्यातला सात अर्धा सोललेला.
सीट दोनदा उंच केलेली. फोमवर फोम,
शिवण चांभाराच्या हातची, जाड पांढऱ्या दोऱ्याची.

विकणारा तेरा वर्षांचा. गिरिराज.
किंमत बाप सांगत होता, खाटेवर बसून.
मुलगा नुसता उभा.
बसला असता तर गुडघे हँडलला लागले असते,
ते उभ्यानंही कळत होतं.

मी वाकले. सिलिंडरच्या पात्यांवर तळहात टेकवला.

कोमट.
कुणी आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीसारखं कोमट.

मुस्तकीमनं माझा चेहरा वाचला आणि सुरू झाला,
भिया, ठंडे में स्टार्ट नी होती, इसलिए तपा के रखी.
रिंग गेली असणार. पिस्टन वाजतोय.
पाच हजार तर नुसते उघडण्यात जातील.
बाप म्हणाला, असं काही नाही. म्हणाला, आणि मुलाकडे बघितलं.
मुलगा स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

चपलांना काळी माती.
ओली. थेट पोटरीपर्यंत उडालेली.
शेडच्या मागे, गव्हासाठी पाणी सोडलेल्या वाफ्यांच्या कडेनं
एकाच चाकोरीची ताजी रेघ
गेलेली, वळलेली, परत आलेली.

ते मी पाहिलं.
पाहिलं, आणि म्हटलं,
दोन हजार कमी करा.

लोडिंग रिक्षात ती त्यानंच चढवली.
दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली, सोडली, पुन्हा बांधली.
ऋजुताला, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला, एवढंच म्हणाला,
तेल पहले, पेट्रोल बाद में.
उलटा मत करना.
माझ्याशी तो काहीच बोलला नाही.

सकाळी सहाला, लोकमान्यनगरात, आमच्या पार्किंगमध्ये
टाकीवर दव होतं.
इंजिनाला हात लावला तर बोटं आखडली.
कॉक उघडला, चोक ओढला,
बाबा स्कूटरला करायचे तशी उगाच एका अंगाला कलतीही केली,
जणू तीही रुसणाऱ्यांतली.
ऋजुतानं पाय टाकला.

पहिली किक.

निळा धूर जिन्यापर्यंत गेला,
वरच्या टोकेकरांनी धाडकन खिडकी लावली,
आणि जळक्या तेलाचा तो गोडसर वास
माझ्या स्वच्छ धुतलेल्या ओढणीत शिरून बसला.
मुस्तकीमला फोन केला. तो हसला,
किस्मत है, दीदी. सस्ते में हीरा मिल गया.
मी म्हटलं, हो.
अजून काही म्हणायचं होतं, तेवढ्यात त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं.

आता रविवारी तेजाजीनगरच्या पुढे, एका पडीक प्लॉटवर
ती गोल गोल फिरते. पडते. धूळ झटकत नाही.
सीटचा वरचा फोम काढला,
खालचा राहू दे म्हणाली, लागेल मला.
ऊन चढतं, मी हाक मारते,
ती लांबूनच एक बोट वर करते,
एकच फेरी.
मी घड्याळाकडे बघत नाही.

पाचशेच्या चार नोटा
पर्सच्या आतल्या कप्प्यात वेगळ्या ठेवल्यात.
सिमरोळ तिथून
फार लांब नाही.